एकशे ऐंशी डॉलरच्या पट्ट्या

८ मे, सोमवार

बाथरूमच्या कडांच्या पट्ट्या बदलायचे मी एकशे ऐंशी डॉलर सांगितले होते. पहिल्या दिवसाचा खरा खर्च असा: एक शर्ट, जो धुवायला न टाकता मागच्या पिंपात घालून जाळला. दुपारचा डबा, जो उघडलाच नाही. डाव्या अंगठ्याचं अर्धं नख. आणि निघाली किती? दीड पट्टी.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, आयडेला प्रॅट नावाच्या बाईंचा. सन त्रेसष्टचा, सोळा फुटी, पाठीला गोल, नंतर कुणीतरी ब्रशने हिरवा रंगवलेला. त्यांची मुलगी कोरीन घेऊन आली. ती फोर्ट वेनला शाळेची बस चालवते. गाडी रिव्हर्समध्ये घेऊन ट्रेलर माझ्या वर्कशॉपच्या दारात एका दमात लावला. मी टाळी वाजवणार होतो.

आई शहाऐंशीची. बावीस उन्हाळे ती या ट्रेलरमध्ये तळ्याकाठी राहते, लॉट नंबर अकरा. तिथला नियम असा, की मेमोरियल डेच्या, म्हणजे मेमधल्या शेवटच्या सोमवारच्या, आधीच्या शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत ट्रेलर जागेवर उभा नसेल तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाची. म्हणजे सव्वीस तारीख.

"जागा गेली की आई माझ्या घरी. कायमची," कोरीन म्हणाली.

"आणि तुम्हाला नकोय?"

"मला हवीय हो. तिलाच मी नकोय. म्हणते, तुझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं, ते बघत मी मरणार नाही."

कोरीनचं म्हणणं, पट्ट्या काळ्या पडल्यात, सुटल्यात. शिवाय गेल्या उन्हाळ्यात आई खोकत होती आणि डॉक्टरांनी विचारलं, घरात ओल आहे का. मी हसून सांगितलं, "हे ट्रेलर गळत नाहीत." एल्कहार्टमध्ये या धंद्यात असलेला प्रत्येक माणूस हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणतो. मग विचारलं, माझं नाव कुणी सुचवलं?

"आईनंच. म्हणाली, त्याच माणसाकडे ने."

बरं वाटलं. माणूस धंद्यातून मागे सरला तरी नाव चालत राहतं.

९ मे, मंगळवार

दुसरी पट्टी निघाली. पट्टी म्हणजे ॲल्युमिनियमची, दोन भिंती किंवा भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती फट झाकणारी. तिच्या कडेला सिलिकॉन लावतात. इथे सिलिकॉनवर सिलिकॉन, त्यावर आणखी सिलिकॉन, त्यात केस. पांढरे, करडे, एक लांब तांबडा. मी चिमट्याने ओढला तसा तो येतच राहिला, येतच राहिला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, भुकेचं नव्हे.

पट्टीमागची भिंत बोटाने दाबली. बोट आत गेलं. बाहेर काढलं तर त्यावर काळा, चिकट गर, आणि त्याला वास असा, की ओल्या कुत्र्याला कोबीच्या रश्श्यात उकळावं. सिंकवर जाऊन हात तीनदा धुतले. संध्याकाळी जेवताना काटा तोंडाशी आला की पुन्हा तोच वास.

लव्हर्न बाहेर उभा राहून बघत होता. लव्हर्न हॉस्टेटलर माझा सुतार. आमिश माणूस, म्हणजे स्वतःची गाडी-फोन न ठेवणाऱ्या ख्रिस्ती पंथातला, दाढी छातीपर्यंत, सायकलवर चार मैल येतो, सतरा वर्षं झाली. दिवसाला वीसएक शब्द बोलतो आणि त्यातले निम्मे "हं" असतात.

"कुणी केलं असेल हे?" मी म्हणालो. "कुजलेल्या लाकडावर नवी पट्टी ठोकून विकलाय कुणीतरी. म्हातारीला गंडवलंय. असल्या माणसांमुळे आपला धंदा बदनाम."

"हं."

"तीस वर्षांत मी चारशेच्या वर ट्रेलर विकले, लव्हर्न. एक परत आला नाही. परत सोड, एक फोन आला नाही तक्रारीचा. एक!"

"मोठी गोष्ट आहे," लव्हर्न म्हणाला. हे तीन शब्द त्याने खर्च केले म्हणजे त्याला पटलं असावं.

११ मे, गुरुवार

आज न्हाणीचा तळाचा ट्रे उचलला. नको होता उचलायला.

खालचं प्लायवूड ओल्या केकसारखं. मोठे काळे मुंगळे, पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा. कोपऱ्यात भिंतीतली ग्लासवूल, काचेची लोकर, ओढून उंदराने केलेलं घरटं आणि घरट्यात घरमालक, बराच काळ गेलेला, चपटा. मी बाहेर पळालो आणि मॅपलच्या झाडाला धरून उभा राहिलो. पोटातून जे यायचं ते आलं. एकाहत्तराव्या वर्षी रस्त्यावरच्या गाड्यांच्या देखत ओकायचं. समोरून जाणाऱ्या पोस्टमनने हात केला. मीही केला.

त्यानंतर खरी किळस. खालची आडवी लाकडी पट्टी, जिच्यावर सगळी भिंत उभी असते, तिचा दीड फूट कुजून गेलेला आणि त्या जागी काय? लांबी! गाडीच्या पोचे पडलेल्या पत्र्याला भरतात ती गुलाबी लांबी. घासून गुळगुळीत केलेली, मोठ्या प्रेमाने. लाकूड कापून नवं घालायला दोन दिवस लागतात, लांबी वीस मिनिटांत वाळते. उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे. आणि वर चकचकीत पट्टी.

शिव्या दिल्या. इथे लिहीत नाही, ही वही माझ्यामागे माझी बहीण वाचेल.

एक मात्र कबूल करायला हवं. बदमाश नीटनेटका होता. पट्टीचे स्क्रू जुन्या घाटाचे, एका खाचेचे, आणि प्रत्येकाची खाच बरोबर उभी. एकही तिरकी नाही. गिऱ्हाईकाला कळत नाही, पण डोळ्याला बरं वाटतं. मीही तसंच करतो.

लव्हर्नला दाखवलं. "बघ, चोर पण शिस्तीचा."

त्याने स्क्रू बघितले. मग माझ्या बाकाकडे बघितलं, जिथे कालच मी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं कपाट बसवून ठेवलं होतं. बराच वेळ बघत होता. मग वर्तमानपत्राचे ओले बोळे उचलून खिडकीत वाळत घातले.

"त्या घाणीचं काय करणार?"

"वाळू दे," म्हणाला.

१२ मे

गुडघे. पाठ. आंघोळ केली दोनदा. वास नाकात नाही, नाकाच्या मागे कुठेतरी आहे.

१५ मे, सोमवार

छतातून बाहेर जाणाऱ्या नळीभोवती फट आहे. पाणी तिथून येतं, भिंतीच्या आतून उतरतं आणि खाली साठतं. वरची फट बुजवणं पाऊण तासाचं काम होतं. तेही त्या माणसाने केलं नाही, कारण शिडी लागली असती.

कोरीनला फोन केला. कुजलंय म्हणालो. किती, तिने विचारलं. मी "थोडं" म्हणालो. का म्हणालो कळत नाही. मग तिने फोन आईला दिला.

"तूच का रॉयस गँटनर?" आवाज वाळलेल्या शेंगेसारखा, मधेच खोकला.

"हो, मिसेस प्रॅट."

"काम झाल्यावर हात धुतोस ना जेवायच्या आधी?"

"धुतो की."

"धुवत जा. तिथे काय आहे ते मला माहीत आहे. मी रात्री बाथरूमला जाते तेव्हा भिंत माझ्याशी बोलते."

मुंगळ्यांबद्दल म्हणत असावी. विनोदी बाई आहे.

१६ मे, मंगळवार

वर्तमानपत्रं वाळली.

लव्हर्नने ती बाकावर हाताने सपाट करून ठेवली होती, चार पानं, आणि स्वतः आगगाडी बघायला जावं तसा अंगणाच्या टोकाला जाऊन उभा होता. वर्तमानपत्र इथलंच. मार्च दोन हजार एक. म्हणजे चोर इथलाच, असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. ऐकायला कुणी नव्हतं.

तिसऱ्या पानावर शब्दकोडं. पेनने सोडवलेलं, चुकलेली अक्षरं पुन्हा पुन्हा गिरवलेली. ई हे अक्षर उलट्या तीनासारखं. उजवीकडचा खालचा कोपरा रिकामा.

माझी बायको नॉर्मा ई तसं काढायची. पेन्सिल घे म्हटलं तर म्हणायची, पेन्सिलने काय, कुणीही सोडवेल. खालचा कोपरा माझ्यासाठी ठेवायची आणि मी तो कधी सोडवला नाही, पेपर उचलून वर्कशॉपमध्ये न्यायचो, बोळे करायला.

नॉर्मा जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्या हातचं मला आज एका उंदराच्या घरट्याशेजारी सापडलं.

लव्हर्न परत आला.

"तुला गुरुवारीच कळलं होतं," मी म्हणालो.

"स्क्रू उभे होते," तो म्हणाला.

१७ मे, बुधवार

काही केलं नाही. दार लावून ट्रेलरमध्ये बसलो होतो, नाकावर काही न बांधता. सवय व्हावी म्हणून. होत नाही.

आठवायचा प्रयत्न केला. गोशेनच्या जत्रेच्या मैदानावर त्या वर्षी मी सहा ट्रेलर एका शनिवारी विकले. त्यातला एक जोडप्याने घेतला होता, नवरा उंच होता, बायको आत शिरून प्रत्येक खण उघडून बघत होती. हेच असतील का? असतील. "ओलबिल नाही ना?" असं तिने विचारलं असेल. मी काय म्हणालो असेन ते मला पाठ आहे.

आणि तो त्या वेळचा हिशेब: शुक्रवारी दुपारपर्यंत तयार झाला पाहिजे. या गावात सगळं शुक्रवारी दुपारपर्यंत तयार होतं. ट्रेलरच्या कारखान्यात मी त्यातच वाढलो. तास वाचवणारा माणूस तिथे हुशार. मी चौदाव्या वर्षी झाडू मारायला लागलो आणि तिसाव्या वर्षी फोरमन झालो, तो तास वाचवूनच.

आता मनात आलं ते लिहितो, कारण न लिहिलं तर उद्या मी ते केलं नाही असं सांगेन. भिंत नीट करायची तर बाथरूम पूर्ण उचकटायला हवं, जमीन, दोन भिंती, छताचा तुकडा. तीन आठवडे. हातात नऊ दिवस. पण लांबीला वीस मिनिटं लागतात. बाई शहाऐंशीची आहे. आणखी किती उन्हाळे? दोन? तेवढं टिकेल. जागा वाचेल, तिला तळं मिळेल, मला झोप मिळेल, कुणालाच काही कळणार नाही.

वाचून बघितलं. बुरशीपेक्षा हे घाण आहे. पण डोक्यातून जात नाही.

१८ मे, गुरुवार

सकाळी लांबीचा डबा उघडला. कालवली. भरली.

लव्हर्न पाण्याची बाटली घेऊन दारात आला, गुलाबी रंग बघितला, टोपी घातली.

"कुठे चाललास?"

"घरी."

"अजून दहाच वाजलेत."

"मला दिसतं घड्याळ."

"अरे, बाईचीच जागा जाईल! तिच्यासाठीच करतोय ना मी?"

तो सायकलवर बसला. जाता जाता म्हणाला, "ती खोकते, रॉयस." सतरा वर्षांत त्याने मला नावाने हाक मारलेली ही दुसरी वेळ. पहिली नॉर्माच्या मयताला.

दुपारी दोन नव्या पट्ट्या बसवल्या. चकाकतात. खाचा उभ्या. हात आपोआप करतो.

१९ मे, शुक्रवार

आयडेलाबाई आल्या. न कळवता. कोरीनने गाडीतून उतरवलं, हातात काठी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं डुकराच्या तळलेल्या मांसाचं सँडविच, ताटाएवढं. "तू जेवत नाहीस असं कोरीन म्हणाली," असं म्हणून माझ्या हातात कोंबलं. बाई इतकीशी, पण ट्रेलरच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढली. कोरीनला म्हणाली, "तू बाहेरच थांब, आत तिघं मावत नाहीत." सरळ बाथरूममध्ये जाऊन संडासाच्या झाकणावर बसली, जणू स्वतःच्या दिवाणखान्यात.

नव्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"छान दिसतंय."

"हो ना?"

मग तिने नाक वर केलं, कुत्रं वारा घेतं तसं. "वास तोच आहे."

"नव्या सिलिकॉनचा आहे तो, दोन दिवसांत जाईल."

"मुला, हा वास मी बावीस वर्षं घेतेय. माझ्या नवऱ्याला वाटायचं त्याच्या बुटांचा आहे. बिचाऱ्याने बारा जोड बदलले."

मी हसलो नाही. हातात ते सँडविच गरम होतं, कागदातून तेल बोटांना लागत होतं आणि समोर माझ्या पट्ट्या चकाकत होत्या. खोकला आला तिला. छोटा नव्हता. पट्टीवर हात टेकून ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. माझ्या पट्टीवर हात टेकून.

"मिसेस प्रॅट, हे मी केलंय."

"पट्ट्या ना? दिसतायत की."

"आत्ताच्या नाही. तेव्हाच्या. भिंत तेव्हाच कुजली होती. मी वर लांबी फासून तुम्हाला विकला. आणि काल पुन्हा फासली."

ती रुमालाने तोंड पुसत होती. माझ्याकडे नीट बघितलं.

"कालचं मला माहीत नव्हतं," म्हणाली.

"म्हणजे?"

तिने पर्समधून पितळेची एक पाटी काढली, बिस्किटाएवढी. मी प्रत्येक ट्रेलरच्या कपाटाच्या दाराला आतून ठोकायचो ती. वर माझं नाव, खाली "काहीही लागलं तर फोन करा", त्याखाली नंबर. "दार बदललं तेव्हा निघाली. तेव्हापासून ठेवली होती. मला वाचता येतं, रॉयस."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! पहिल्या पावसाळी आठवड्यातच फोन केला. पिझ्झावाल्याने उचलला. म्हटलं, नंबर चुकला असेल. दुसऱ्यांदा केला, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, 'आजीबाई, आता काहीतरी मागवाच.' मी तेव्हा चौसष्टची होते, आजीबाई! रागावले. पण भूक लागली होती. चांगला होता पिझ्झा."

"आणि मला शोधलं नाहीत?"

"माझ्या नवऱ्याला भांडण आवडायचं नाही. मग तो गेला. मग सवय झाली." ती काठीवर भार देऊन उठली. "या वर्षी कोरीनने तुझं नाव फोनमध्ये टाकून शोधलं. मी म्हटलं, त्यालाच नेऊन दे. बघू तर खरं, भिंत उघडल्यावर तो काय करतो."

"आणि मी हे केलं."

"हो," ती म्हणाली. "आणि ते सँडविच गार होतंय."

ती गेल्यावर मी दोन्ही पट्ट्या उचकटल्या. लांबी अजून पुरती कडक झाली नव्हती. छिन्नीने सोलताना गुलाबी सालं निघत होती, त्यांच्या पोटाला काळं चिकटलेलं. सँडविच मॅपलखाली बसून खाल्लं. निम्मंच गेलं.

लव्हर्नच्या घरी फोन नाही. चार मैल गाडी घेऊन गेलो. तो गोठ्यात होता. "सोमवारी सहाला ये," मी म्हणालो. त्याने "हं" म्हटलं.

२५ मे, गुरुवार

पाच दिवस वहीला हात लावला नाही. हातच नव्हते. बाथरूम पूर्ण निघालं. अठरा पोती घाण. शेवटच्या पोत्यातही पहिल्यासारखीच ओकारी आली, सवय होते म्हणतात ते खोटं. लव्हर्नने खालचं नवं लाकूड बसवलं, पाइनचं, सांधे असे की नख जात नाही. छताची फट मी बुजवली, शिडीवर चढून. पण भिंती नाहीत, न्हाणी नाही, संडास नाही. उद्यापर्यंत होणार नाही. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

लव्हर्नने आज संध्याकाळी हातोडी ठेवली आणि एवढंच विचारलं, "नियम काय आहे? ट्रेलर उभा पाहिजे की बाथरूम पाहिजे?"

२६ मे, शुक्रवार

नेला. बाथरूमच्या जागी उघडे खांब आणि मागे बाहेरचा पत्रा, एवढं घेऊन लॉट नंबर अकरावर उभा केला, सव्वासातला. सूर्य नऊला मावळतो. तळ्याची व्यवस्था बघणारा बर्नेल नावाचा गडी टॉर्च घेऊन आत डोकावला.

"बाई, यात संडास कुठंय?"

"तुझ्या ऑफिसशेजारी," आयडेलाबाई म्हणाल्या. "मी चालत जाईन. नियमात संडास लिहिलाय का?"

त्याने कागद बघितला. लिहिला नव्हता.

भिंती होईपर्यंत बाई आत झोपणार नाहीत. शेजारच्या लॉटवरच्या डॉट बाईंनी सोफा दिलाय. मी रोज एकतीस मैल जाणार आणि एकतीस येणार, लव्हर्नला गाडीत घालून. पैशाचं कोरीनने विचारलं. मी एकशे ऐंशी म्हणालो. ती हसली, मग तिला कळलं की मी हसत नाहीये.

निघताना आयडेलाबाई खुर्ची टाकून पाण्याकडे बघत होत्या. पाणी हिरवं, वर मेलेल्या माशांची साय. मला घाण वाटलं. त्यांना वाटत नव्हतं.

२९ मे, सोमवार

मेमोरियल डे. काम बंद. सकाळी नॉर्माच्या थडग्यावर फुलं ठेवली. घरी येऊन पाटीवरचा नंबर फिरवला. आयडेलाबाईंनी पाटी मलाच देऊन टाकलीय.

एका मुलीने उचलला. मागे तव्यांचा आवाज. मी बोलायच्या आत म्हणाली, "पिझ्झा हवाय की छत गळतंय?"

मी म्हणालो, "असे पुष्कळ फोन येतात का?"

"आता नाही येत. बाबांच्या वेळी यायचे. ते प्रत्येकाला ट्रेलरवाल्याचा दुसरा नंबर शोधून सांगायचे, पण तोही बंदच असायचा म्हणे. तुमचं काय गळतंय?"

मी मोठा पिझ्झा मागवला. आणायला गेलो नाही.

वर्कशॉप या जागेत आणलं तेव्हा पाटीवरच्या नंबरचा फोन मी तोडला, ऑक्टोबर अठ्ठ्याण्णवमध्ये. पितळेच्या पाट्या त्याच्या आधीच पाचशे करून घेतल्या होत्या. शेवटची पाटी मी दोन हजार नऊ साली ठोकली.